वहीतल्या ४१ फवारण्या

बाबांची एक वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, जमाखर्चाला वापरतात तसली. छाटणीच्या दिवसापासून शेवटचा घड उतरेपर्यंत द्राक्षबागेत जे काही मारलं, टाकलं, सोडलं, ते सगळं तिच्यात तारीखवार लिहिलेलं. बाग माझ्या हाती आली तेव्हा पंपघराच्या किल्लीच्या आधी त्यांनी मला ही वही दिली. त्या रात्री मी आदल्या हंगामातल्या फवारण्या मोजल्या. ४१ निघाल्या. पुन्हा मोजल्या, तरी ४१च.

"अगं, त्या वर्षी पाऊस होता," बाबा म्हणाले. मग मी पाऊस नसलेलं वर्ष काढलं. ३८.

मी शेतकी शिकलेली नाही. बागेत येण्याआधी मी हिशेब तपासायचं काम करायचे. त्यामुळे 'शाश्वत द्राक्षशेती' असले मोठे शब्द तेव्हा डोक्यात नव्हते. एवढंच खटकलं की वहीत 'काय' हा रकाना आहे, 'किती' हा रकाना आहे, पण 'का' हा रकानाच नाही. ४१ वेळा हात खिशात गेला आणि पावतीवर कारण कुठेच नाही. असा हिशेब मी आधीच्या नोकरीत परत पाठवला असता.

पुढची तीन वर्षं तो रकाना भरण्यात गेली.

द्राक्षवेल आणि माती यांवर संशोधन करणाऱ्या एका मॅडम प्रयोगासाठी शेतकऱ्याची बाग शोधत होत्या. ओळखीतून ओळख निघाली आणि त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. मी पहिलाच प्रश्न विचारला: शाश्वत म्हणजे नक्की काय? त्यांनी आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या २००४ सालच्या व्याख्येचा दाखला दिला. तिच्यात पर्यावरणाला असलेले धोके आणि खाणाऱ्याचं आरोग्य आहेच, पण त्याच दमात आर्थिकदृष्ट्या टिकणंही आहे. "बाग हिरवी राहिली आणि तुम्ही बुडालात, तर त्याला शाश्वत म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या. बाबांना ही बाई तिथेच आवडली.

भांडण झालं ते प्रयोगाच्या जागेवरून. बाबांचं म्हणणं, प्रयोग त्या खालच्या कोपऱ्यात करा, तसाही तो कमजोर आहे. मॅडमचं म्हणणं, मग काहीही निघालं तरी ते कोपऱ्यामुळे की पद्धतीमुळे हे कोण सांगणार? शेवटी बाग बारा तुकड्यांत वाटली. सहा जुन्या पद्धतीचे, सहा नव्या. कुठला तुकडा कशाला, हे आम्ही ठरवायचं नाही. बाबांची टोपी उलटी करून त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेक काढली. प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी मोजणीतून बाद, कारण शेजारचं पाणी आणि औषध तिथवर येतंच. बागेचा सगळ्यात देखणा तुकडा चिठ्ठीने 'नव्या'कडे गेला, तेव्हा बाबांचा चेहरा बघवेना.

पहिलं काम फावड्याचं होतं. वेलींच्या ओळीला आडवा, मीटरभर खोल खड्डा. बावीस वर्षं ज्या बागेवर घर चाललं, तिची मुळं आमच्यापैकी कुणीही कधी पाहिली नव्हती. आम्ही पानांकडे, घडांकडे बघत आलो. आता खड्ड्यात उतरून बघितलं तर ठिबकच्या तोटीखाली मुळांचा भरगच्च पुंजका होता आणि त्याच्या बाहेर जवळपास काही नाही. वितभराच्या पुढे एक कडक थर लागला. तो बरोबर ट्रॅक्टरच्या चाकाच्या पट्ट्यात होता. तिथवर आलेली मुळं काटकोनात वळून आडवी पळाली होती. बाबा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एवढी जागा रिकामीच?"

मॅडमनी आणखी एक साधी गोष्ट करायला लावली. दोन काचेच्या बरण्या, पाणी, तोंडावर तारेची जाळी. एका जाळीवर बागेतलं वाळलेलं ढेकूळ, दुसऱ्यावर बांधावरच्या जुन्या झाडाखालचं. बागेतलं ढेकूळ बघता बघता विरघळलं आणि पाणी गढूळ झालं. झाडाखालचं ढेकूळ तसंच बसून राहिलं, त्यातून फक्त हवेचे बुडबुडे वर येत होते. माती एकच, अंतर पन्नास पावलांचं. फरक इतकाच की झाडाखालच्या मातीला कुणी नांगरलेलं नव्हतं आणि तिच्यात मुळं, बुरशी, गांडुळं वर्षानुवर्षं नांदत होती. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा डिंक त्यांचाच. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे आला, त्यात सेंद्रिय कर्बाचा आकडाही होता, पण मला ती बरणीच जास्त पटली.

मग दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात ताग आणि सुदान गवत पेरलं. तागाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, आणि गवताच्या तंतुमुळांनी माती भुसभुशीत होते. हे सगळं मला पाठ झालं होतं. गावातल्या लोकांना नव्हतं. "बाग सोडून दिली काय?" हा प्रश्न त्या हंगामात किती वेळा ऐकला! द्राक्षवाल्याची इज्जत वेलीखालच्या काळ्याभोर, तण नसलेल्या मातीत असते. बाबा तर दोन महिने त्या बाजूने गेलेच नाहीत.

आणि त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. मी मोहात पडले. ताग फुलावर आला, मधमाश्या आल्या, इतकं सुंदर दिसत होतं की आज कापू, उद्या कापू करत पंधरा-वीस दिवस गेले. तोवर ताग निबर झाला आणि सुदान गवत माझ्या खांद्याला लागलं. त्याने पाणी प्यायलं, नत्र खाल्लं, आणि कापून पसरल्यावर कुजताना मातीतला उरलासुरला नत्रही जिवाणूंनी अडकवून ठेवला. कोवळा पाला लवकर कुजतो आणि नत्र परत देतो. निबर काड्यांत कर्बच जास्त, त्या कुजवण्यासाठी जिवाणू आधी मातीकडूनच उसनं घेतात. फुलोऱ्यात देठ परीक्षण केलं. घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा असतो, नुसता देठ, पान नाही, आणि एका नमुन्याला ७५ ते १०० देठ लागतात. आमच्या नव्या तुकड्यांत नत्र खाली गेलेला होता. पानं फिकट पडली. त्या वर्षी नव्या सहा तुकड्यांचं उत्पन्न जुन्यांपेक्षा कमी आलं आणि ते मी माझ्याच हाताने वहीत लिहिलं. 'का' रकान्यात: ताग उशिरा कापला. दुसऱ्या वर्षी एकाआड एक पट्टा पेरला आणि पहिलं फूल दिसताच आडवा केला, तेव्हा कुठे ते गणित जमलं.

आता पाणी. बागेचं खरं गुपित इथे होतं.

मॅडमनी दोन टेन्शिओमीटर लावले, एक फूटभर खोल, एक दोन फूट. साधं यंत्र आहे: पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र भाजक्या मातीचं टोक, वर दाब दाखवणारी तबकडी. माती कोरडी होईल तशी ती टोकातून पाणी ओढते आणि काटा चढतो. शून्य म्हणजे चिखल, आणि ऐंशी सेंटिबारच्या आसपास यंत्राची मर्यादा संपते. आमचा खालचा काटा आठ-दहाच्या वर कधी जाईचना. म्हणजे दोन फुटांवरची माती कायम ओली. आम्ही रोज देत असलेल्या पाण्यातलं बरंचसं मुळांना ओलांडून खाली जात होतं, आणि सोबत ठिबकमधून सोडलेलं खतही.

"माती ओली आहे, पण वेलीला तहान लागलीय का, हे वेलीलाच विचारू," असं म्हणून मॅडम एक दिवस दाबपात्र घेऊन आल्या. भर दुपारी वापरायचं असतं ते. तासभर आधी पानाला चंदेरी पिशवी घालून ठेवायची, म्हणजे पानाचा ताण खोडाच्या ताणाशी जुळतो. मग पान देठासकट कापून पात्रात बंद करायचं, कापलेलं टोक तेवढं झाकणाबाहेर, आणि आत हळूहळू वायूचा दाब वाढवत न्यायचा. भिंगातून त्या टोकाकडे बघत राहायचं. एका क्षणी तिथे पाण्याचा चमकता ठिपका येतो. जेवढ्या दाबाला ठिपका आला, तेवढ्या ताणाने वेल पाणी ओढत होती. मला ते बघताना उगाच अपराधी वाटलं, कुणाची नाडी न विचारता धरावी तसं. हा ताण बार या दाबाच्या मापात, उणे आकड्यात लिहितात. साधारण उणे दहा बारच्या पुढे गेलं की शेंड्याची वाढ मंदावू लागते. आमच्या वेली उणे सहालाच बसल्या होत्या. खाऊन पिऊन सुस्त.

आणि त्या सुस्तीला खतपाणी घालणारी आणखी एक गोष्ट जमिनीखाली होती. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने बागाच्या बागा मारल्या. तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी द्राक्षाची वेल अमेरिकी जातीच्या मुळांवर कलम करतात. वर एक वेल, खाली दुसरीच. बाबांनी खुंट, म्हणजे खालची वेल, निवडला होता डॉगरिज. जोमदार, सूत्रकृमींना दाद न देणारा, खारट पाण्यात तग धरणारा. त्यांनी निवडला तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून ती निवड शंभर टक्के बरोबर होती. पुढे चांगल्या पाण्याची सोय झाली. खुंट मात्र तोच, पाणी आणि खत देण्याची सवयही तीच. अवघड दिवसांसाठी आणलेला पैलवान आता घरी बसून जेवत होता.

त्याचा परिणाम मांडवावर दिसत होता. मॅडमनी एक बारीक लोखंडी सळई दिली. पानोऱ्यात, म्हणजे वेलीच्या पानांच्या थरांत, ती आरपार खुपसायची आणि वाटेत किती पानांना लागली ते मोजायचं. शंभर वेळा. एक ते दीड थर असावेत असं अभ्यासक सांगतात. आमच्याकडे साडेतीन. मधल्या थरांतली पानं पिवळट, सावलीत बसून नुसती खाणारी. पाऊस किंवा दव पडलं की बाहेरचं पान तासाभरात सुकायचं, आतलं दुपारपर्यंत ओलं.

इथे माझ्या हिशेबाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जास्त पाणी, जास्त नत्र, जोमदार खुंट, म्हणून दाट पानोरा. दाट पानोरा म्हणून ओलावा आणि सावली. ओलावा म्हणून डाऊनी (केवडा), सावली म्हणून भुरी, हे द्राक्षाचे दोन रोग. म्हणून ४१. मी इतके दिवस फवारणीच्या पानावर कारण शोधत होते, आणि नोंद होती पाण्याच्या पानावर.

म्हणून दुसऱ्या वर्षी औषधाला हात लावायच्या आधी पाण्याला लावला. उष्ण हवामानात वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून ती दोनदा छाटतात. खरड छाटणी काडी तयार करायला, गोडी छाटणी घड धरायला. पुढच्या पिकाचे घड काडीच्या वेळीच डोळ्यांत सूक्ष्म रूपात घडतात आणि त्यासाठी डोळ्यांवर ऊन पडावं लागतं. त्या काळात आम्ही थोडा ताण दिला, शेंडे वेळेवर मारले, बगलफुटी काढल्या. फळाच्या काळात मात्र मणी धरल्यावरचे पहिले आठवडे पाणी अजिबात तोडलं नाही. त्या दिवसांत मण्याच्या पेशी विभागत असतात. तेव्हा बसलेला फटका नंतर कितीही पाणी पाजलं तरी भरून निघत नाही. वाइनच्या द्राक्षाला बारीक मणी चालतो, उलट हवा असतो. आमचं खायचं द्राक्ष. ज्यांनी वाइनच्या बागांचे प्रयोग वाचून डोळे झाकून पाणी तोडलं, त्यांचे मणी मी बघितलेत.

फवारणीकडे वळलो तेव्हा आधी स्वतःचीच फजिती बघायला मिळाली. पाण्याचा थेंब लागला की निळा होणारा एक पिवळा कागद मिळतो. त्याचे तुकडे आम्ही पानांना वर, खाली, आत, बाहेर चिमट्याने लावले, काही जमिनीवरही ठेवले आणि नेहमीसारखा ब्लोअर फिरवला. बाहेरच्या पानांवरचे कागद निळेशार, ओघळ आलेले. आतल्या घडांजवळचे पिवळेच्या पिवळे. जमिनीवरचे निळे. आम्ही मातीवर औषध मारत होतो! नोझल बदलले, ट्रॅक्टरचा वेग कमी केला, पानोरा आधीच विरळ झाला होता. पुढच्या चाचणीत आतल्या कागदांवर बारीक ठिपके दिसले. तो कागद बाबांनी वहीत चिकटवून ठेवलाय.

भुरीसाठी कॅलिफोर्नियात तयार झालेली एक गुणांची पद्धत मॅडमनी शिकवली. भुरीला ओलं पान लागत नाही, तिला उबदार हवा लागते. दिवसात सलग सहा तास तापमान २१ ते ३० अंशांच्या मध्ये राहिलं तर २० गुण, नाही राहिलं तर १० वजा. पारा ३५ च्या वर पाव तास जरी गेला तरी १० वजा, कारण भुरीला कडक ऊन सोसत नाही. सलग तीन दिवस गुण मिळाल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. बेरीज साठच्या वर चढली की फवारण्यांतलं अंतर कमी करायचं, खाली आली की वाढवायचं. मला तर हे खातेवहीसारखंच वाटलं. जमा, खर्च, शिल्लक. कित्येक आठवडे असे गेले की जुन्या हिशेबाने आठव्या दिवशी मारलं असतं आणि गुण मात्र तळाला होते. तिथे आम्ही थांबलो.

डाऊनीने मात्र मला माझी जागा दाखवली. तिची सुरुवात ओळखायला जुना ठोकताळा आहे: दहा, दहा, दहा. तापमान दहा अंशांच्या वर, दिवसभरात दहा मिलिमीटर पाऊस, फूट दहा सेंटिमीटरची. उष्ण भागात तापमान आणि फूट या अटी सहज पुऱ्या होतात, उरतो पाऊस. पुढचा प्रसार रात्री होतो, पान ओलं असताना. त्यासाठी आम्ही पान ओलं आहे का हे सांगणारा एक सेन्सर लावला होता. लावला मी. कुठे, तर बांधाजवळच्या खांबावर, कारण तिथे वायर पुरत होती. एका पहाटे हलका पाऊस झाला, सेन्सरने सकाळी आठला पान सुकल्याचं सांगितलं, मी निश्चिंत. मांडवाच्या आत पानं साडेदहापर्यंत ओली होती. बाबा फिरून आले आणि म्हणाले, "पान अजून ओलं आहे." मी त्यांना मोबाइलवरचा आलेख दाखवला.

आठवड्याने पानांवर तेलकट डाग, मागे पांढरी बुरशी. खालच्या बाजूचे दोन तुकडे गेले, आणि नुसती पानं नाही, फुलोऱ्यातले घडही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून सेन्सर मांडवाच्या पोटात आहे, आणि त्याच्याखाली रोज सकाळी बाबांचा हात.

या डाऊनीवरूनच तांब्याचा विषय निघाला. १८८२ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो भागात मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञाला रस्त्याकडेच्या वेली डाऊनीतून वाचलेल्या दिसल्या. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून बागवाल्यांनी त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्यातून बोर्दो मिश्रण आलं. सेंद्रिय शेतीतही ते चालतं, म्हणून मला वाटायचं की हे तरी निर्धोक. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही, ते मातीत बसून राहतं. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातलीय ती त्यामुळेच. आम्ही बागेचा जुना मांडव आणि अलीकडची लागवड, दोन्हींखालची माती तपासली. जुन्या मांडवाखालच्या मातीत नव्या लागवडीपेक्षा तांबं कितीतरी जास्त निघालं. फावड्याच्या एका घावात नव्या लागवडीत जेवढी गांडुळं दिसायची, तेवढी जुन्या मांडवाखाली पाच घावांत दिसत नव्हती. गांडुळांना तांबं सोसत नाही. बोर्दो आम्ही बंद केलं नाही, पण आता ग्रॅमात मोजतो आणि वर्षाची बेरीज वेगळ्या पानावर ठेवतो.

मिलीबगचा किस्सा सांगायलाच हवा. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद: खोडाला चिकटपट्ट्या, मांडवाच्या तारेला टेकलेलं गवत कापणं. मग क्रिप्टोलेमस हे मिलीबग खाणारे, मूळचे ऑस्ट्रेलियाचे ढालकिडे सोडले. तीन आठवड्यांनी मी बघायला गेले तर कामावरच्या बायका मोठ्या हौशीने मिलीबग चिरडत होत्या. "ताई, केवढाले झालेत बघा!" ते मिलीबग नव्हते. क्रिप्टोलेमसची अळी अंगावर अगदी तसंच पांढरं मेणचट पीठ वागवते, फक्त आकाराने मोठी आणि चालायला चपळ. आम्ही आमचंच सैन्य चिरडत होतो. त्यानंतर काडीपेटीच्या डबीत एक अळी आणि एक मिलीबग घालून शिकवणी घेतली. आता त्या बायका माझ्यापेक्षा अचूक ओळखतात. आणि काय हवंय, काय नको, हे मलाच ठणकावून सांगतात.

तिसऱ्या वर्षी घड उतरल्यावर, खरड छाटणीच्या दिवशी, प्रत्येक तुकड्यातल्या छाटलेल्या काड्या ताणकाट्यावर तोलल्या. फळाचं वजन भागिले काड्यांचं वजन, याला रावाझ निर्देशांक म्हणतात. पाच ते दहाच्या मध्ये आला तर वेल तोलात आहे, पाचच्या खाली म्हणजे वेल लाकूडच वाढवत बसलीय. जुन्या पद्धतीच्या तुकड्यांची सरासरी चारच्या आत आली, नव्यांची सहाच्या थोडी वर. उत्पन्नात दोन्हींत सांगण्यासारखा फरक नव्हता. फवारण्या नव्या बाजूला २६. पाणी पावपटीने कमी. काड्या दळून आच्छादनाला वापरल्या, पण खोडाच्या रोगाची शंका असलेलं जुनं लाकूड वेगळं काढून जाळलं. ती बुरशी मेलेल्या लाकडात टिकून राहते आणि पावसात बीजाणू सोडते.

२६ हा आकडा मला अजून खुपतो. मॅडमना वाटतं चांगला आहे. पण त्यातल्या सहा-सात अशा आहेत की त्यांच्यापुढे 'का' रकान्यात मी प्रामाणिकपणे 'भीती' असं लिहिलंय. ढग दाटले, गुण कमी होते, सेन्सर कोरडं म्हणत होता, तरी मारली. दोन तुकडे गेल्यावर माणूस तसा होतो.

वही घेऊन बसले असताना एका संध्याकाळी सहज पहिल्या तोडणीच्या तारखा एका कागदावर उतरवल्या. बावीस वर्षांच्या. छाटणीचा दिवस मागेपुढे झालेला असतो म्हणून छाटणी ते तोडणी किती दिवस लागले ते काढलं. दिवस कमी होत गेलेत, थोडे थोडे, मध्येच वाढून पुन्हा कमी. मॅडमना दाखवलं तर त्यांनी फ्रान्सच्या बोन गावाची गोष्ट सांगितली. तिथल्या द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून जुळवल्या गेल्यात. त्यात दिसतं की १९८८ नंतर तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा तेरा दिवस आधी सुरू होते. कुणीतरी साडेसहाशे वर्षं तारखा लिहीत राहिलं म्हणून हे कळलं, आणि लिहिणाऱ्यांतल्या कुणालाही आपण हवामानाचा अभ्यास करतोय असं वाटलं नसेल. आमच्या बावीस वर्षांवरून मी काही सिद्ध करत नाही. पण बाबांना ते सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी कपाटाच्या तळातून आणखी तीन वह्या काढून आणल्या. त्या आहेत हे आईलाही माहीत नव्हतं.

या हंगामात चिठ्ठ्या काढून वाटलेले तुकडे राहिले नाहीत, सगळी बाग एकाच पद्धतीने चाललीय. वही आता पुन्हा बाबाच लिहितात, माझं अक्षर त्यांना लागत नाही. चौथा रकाना मी पट्टीने आखून दिला होता, तो त्यांनी बरेच दिवस कोरा ठेवला. परवा पंपघरात वही उघडी पडली होती. त्या तारखेसमोर 'काय' आणि 'किती' या रकान्यांत आडवी रेघ. पुढे लिहिलं होतं, 'पान आठलाच कोरडं. गुण ३०. मारली नाही.' आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'उद्या खालचा कोपरा बघणे.'